रंगांना दोन कारभारी नकोत

आईच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या रात्री माझ्या प्रिंटरमधून आई जांभळी बाहेर आली.

फोटो 1993 सालचा, हरिपूरला संगमेश्वराच्या घाटावर काढलेला. हिरवं इरकली लुगडं, तांबडा काठ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आई सावळी होती. लग्नाच्या बोलणीत म्हणतात तशी ‘गव्हाळ’ नव्हे, चांगली सावळी. निगेटिव्ह आणि अल्बम 2019 च्या पुरात गेले. खालच्या फळीवर होते, आणि आमच्या गल्लीत पाणी छातीपर्यंत आलं होतं. भाच्याने त्याआधी कधीतरी हा एक फोटो स्कॅन करून ठेवला होता, म्हणून तो उरला. संगणकावर तो बरा दिसत होता. ए-फोर ग्लॉसी कागद घातला, छापा म्हटलं आणि चार मिनिटांनी जी बाई बाहेर आली तिचे गाल जांभळट गुलाबी, लुगडं काळपट, कुंकू कुठे संपतं आणि कपाळ कुठे सुरू होतं ते कळेना. ताई चष्मा पुसत जवळ आली.

“अरे, ही आई नव्हे. हिला ताप आलाय.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण मी 1989 ते 2008 अशी एकोणीस वर्षं कलर लॅबमध्ये प्रिंटिंगच्या मशीनवर बसलो आहे. सांगली-मिरजेतली किती लग्नं, किती मुंजी, किती डोहाळजेवणं माझ्या बोटांखालून गेली त्याची मोजदाद नाही. त्याच माणसाला स्वतःच्या आईचा रंग साधेना.

चूक माझी होती, ती पुढे सांगतोच. पण ही चूक घरी फोटो छापणारा जवळजवळ प्रत्येक माणूस करतो, आणि तो अडाणी आहे म्हणून करत नाही. प्रिंटर आणि फोटो-कागद विकणाऱ्यांनी ती त्याच्या वाटेत मांडून ठेवली आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. मिक्सर विकावा तसा प्रिंटर विकतात. पिन लावा, बटण दाबा. रंगांचा कारभार कोण पाहणार हा एकच प्रश्न ज्याला विचारायला हवा, त्याला तो विचारलाच जात नाही.

लॅबमध्ये हा प्रश्न नव्हता. सकाळी दुकान उघडलं की आधी कंट्रोल स्ट्रिप काढायची. कंपनीकडून ठरावीक राखाडी आणि रंगीत ठिपके उमटवून आलेली ती पट्टी केमिकलमधून काढायची, डेन्सिटोमीटरवर मोजायची आणि आकडे वहीत लिहायचे. निगेटिव्हच्या डेव्हलपरचं तापमान 37.8 अंश. तिथे अर्धा अंश इकडेतिकडे झाला की दिवसभर शिव्या. मग निगेटिव्ह लावायची, पहिली प्रिंट बघायची आणि बटणं दाबायची : पिवळा, मजेंटा, सायन आणि डेन्सिटी. प्रिंट पिवळी आली तर पिवळं फिल्टर वाढवायचं. नव्या पोराला हे उलटं वाटायचं, पण निगेटिव्हचं शास्त्र उलटंच. दोन महिन्यांत डोळ्यांना सवय व्हायची आणि बोटं आपोआप चालायची. साखळी लांब होती, पण तिला कारभारी एकच होता, मशीनवर बसलेला माणूस. प्रिंट बिघडली तर मालकाला कुणाकडे बघायचं ते ठाऊक असायचं.

घरी काय होतं? फाईलमध्ये रंग नसतातच, आकडे असतात. लाल इतका, हिरवा इतका, निळा इतका. आता नुसत्या आकड्याला अर्थ काय? आमच्या आजोबांच्या काळात ‘दोन पायल्या जोंधळे’ म्हटलं की समोरचा आधी विचारायचा, कुठली पायली? कारण कोल्हापूरकडचं माप वेगळं, खानदेशातलं वेगळं. फोटोच्या फाईलला चिकटलेला प्रोफाइल म्हणजे ‘ही अमुक गावची पायली’ असं सांगणारी चिठ्ठी. 1993 साली, म्हणजे आईचा हा फोटो काढला त्याच वर्षी, ॲडोबी, ॲपल, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट, आगफा वगैरे आठ कंपन्या एकत्र आल्या आणि या चिठ्ठ्या सगळ्यांनी एकाच लिपीत लिहायच्या असं त्यांनी ठरवलं. आयसीसी प्रोफाइल म्हणतात ते हेच. पुढे 1996 मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने एसआरजीबी हे सर्वसाधारण वापराचं माप पुढे आणलं. आज इंटरनेटवरचे फोटो, साधे मॉनिटर, नाक्यावरची लॅब, बहुतेक सगळं याच मापाने चालतं. नव्या फोनांतले काही त्याहून मोठ्या मापाने फोटो काढतात. चिठ्ठी न वाचणाऱ्या लॅबकडे असा फोटो गेला की फिका येतो आणि गिऱ्हाईक लॅबवाल्याशी भांडतं.

म्हणजे छापताना या मापाचं त्या मापात रूपांतर करावं लागतं : फाईलच्या मापातून या प्रिंटरच्या, या शाईच्या, या कागदाच्या मापात. हे काम एकदाच करायचं असतं. मेख इथेच आहे. फोटोच्या सॉफ्टवेअरला ते करता येतं आणि प्रिंटरच्या ड्रायव्हरलाही करता येतं. दोघंही हौशी आहेत आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. सॉफ्टवेअरने रूपांतर करून दिलेला माल ड्रायव्हर पुन्हा रूपांतरित करतो, वर स्वतःची ‘फोटो एनहान्स’ची फोडणी घालतो. दोन घरचा पाहुणा उपाशी असं आपण म्हणतो. इथे तो दोन्ही घरी पोटभर जेवतो आणि आजारी पडतो. त्याचं ठरलेलं लक्षण म्हणजे मजेंटाकडे झुकलेली, लालजांभळी, ताप आल्यासारखी त्वचा. ताईने रोगाचं नाव न कळता निदान बरोबर केलं होतं.

माझं नेमकं काय चुकलं? सॉफ्टवेअरच्या छपाईच्या खिडकीत मी ‘रंग सॉफ्टवेअर सांभाळेल’ हे निवडलं आणि कागदाचा प्रोफाइलही बरोबर लावला. पण ड्रायव्हरच्या खिडकीत, तीही दुसऱ्या पानावर, ‘आणखी पर्याय’ या बटणामागे, रंगांची दुरुस्ती चालूच होती. ती बंद करण्याच्या जागेला एक कंपनी ‘नो कलर ॲडजस्टमेंट’ म्हणते, दुसरी नुसतं ‘नन’ म्हणते. सॉफ्टवेअरने तंबी दिली होती म्हणा, ड्रायव्हरमधला रंगकारभार बंद करा अशी बारीक अक्षरांतली एक ओळ खाली होती. पण रात्री साडेदहा वाजता, उद्याच्या स्वयंपाकाला किती डाळ भिजवायची याची चर्चा कानावर येत असताना, ती ओळ वाचणारा माणूस मला दाखवा.

खरं तर मी थोडं शहाणपण केलं होतं. आधी नोझल चेक, म्हणजे शाईची छिद्रं मोकळी आहेत का हे दाखवणारी रेघांची जाळी, काढला होता. हा धडा मागच्या उन्हाळ्यातला. मे धरून दीड महिना प्रिंटर बंद होता. सांगलीचा मे कसा असतो ते सांगलीकरांना सांगायला नको. पहिलीच प्रिंट काढली तर भाचीचं बाळ हिरवं. मी प्रोफाइल बदलले, सेटिंगं उलटीपालटी केली, पाच कागद घालवले. शेवटी नोझल चेक काढला तेव्हा मजेंटाच्या जाळीत निम्म्या रेघा गायब! शाई वाळून छिद्रं बुजली होती. मजेंटा कमी पडला की हिरवा डोकं वर काढतो, सायन कमी पडला की लाल, पिवळा गेला की निळा. हे तर मी लॅबमध्ये झोपेतही सांगितलं असतं. पण संगणक समोर आला की माणूस आधी संगणकावरच संशय घेतो, नळीत कचरा अडकला असेल असं त्याच्या मनात येत नाही. हेड क्लिनिंग केलं, एक रात्र जाऊ दिली, पुन्हा केलं, बाळ माणसात आलं.

वर्षश्राद्धाच्या रात्री जाळी अखंड होती. मग दुसरी पायरी : फोटो दोषी की छपाई दोषी? त्यासाठी एक खात्रीचा चाचणी-फोटो मी ठेवला आहे. त्यात दोन-तीन वर्णांची माणसं, फळं आणि पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत राखाडीच्या पायऱ्या आहेत. घरी छपाई करणाऱ्याने दुसरं काही घेतलं नाही तरी चालेल, पण असा एक फोटो जवळ ठेवावा. माणसाचा चेहरा फसवतो, साडी फसवते. राखाडी फसवत नाही. राखाडीत लाल नाही, निळा नाही, काहीच नाही, त्यामुळे त्यात जे शिरेल ते चोर म्हणून लगेच सापडतं. चाचणी-फोटोतली राखाडी गुलाबी आली. म्हणजे आईचा फोटो निर्दोष होता. ड्रायव्हर उघडला, चोर सापडला.

दुसरी प्रिंट. त्वचा सुधारली, कुंकू कुंकवासारखं झालं, पण सगळं चित्र अंधारलेलं, जणू घाटावर आभाळ आलं आहे. घरच्या छपाईतली सर्वांत मोठी तक्रार हीच : “स्क्रीनवर छान दिसतं, कागदावर काळं येतं.” यात प्रिंटरचा काडीचा दोष नसतो. मॉनिटर दुकानातून येतो तोच भगभगीत, कारण दुकानातल्या रांगेत जो जास्त चमकतो तो विकला जातो. छपाईसाठी पडद्याचा उजेड चौरस मीटरला ऐंशी ते एकशेवीस कँडेलाच्या आसपास हवा. नवा मॉनिटर सहज त्याच्या दुप्पट-तिप्पट असतो. कागद स्वतः उजेड देत नाही, खोलीत जेवढा असेल तेवढाच परत करतो. पडद्याचा उजेड मोजायचं यंत्र मिळतं, माझ्या ओळखीच्या एका लग्नांच्या फोटोग्राफरकडे आहे, पण वर्षाला तीस प्रिंट काढणाऱ्याने ते विकत घ्यावं असं मी म्हणणार नाही. पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा, शेजारी कोरा फोटो-कागद धरा आणि दोन्ही सारखे वाटेपर्यंत पडद्याचा उजेड खाली आणा. पहिले दोन दिवस पडदा आजारी वाटेल. सवय होते. आणि रात्री पडदा पिवळा करणारी ती ‘नाइट लाइट’ची सोय आधी बंद करा. आमच्या शेजारच्या वहिनींचा मुलगा आठवडाभर संध्याकाळी फोटो निळसर करून छापत होता आणि सकाळी कपाळाला हात लावत होता.

पडदा खाली आणला, फोटो थोडा उजळला, तिसरी प्रिंट काढली. ती मला पसंत पडली. ताई म्हणाली, “लुगडं मेहंदीसारखं दिसतंय रे.” ती देवघराच्या दारात उभी होती, पिवळ्या बल्बखाली. मी टेबलाशी, पांढऱ्या ट्यूबखाली. प्रिंट एकच, लुगडी दोन. आमचे लॅबमालक प्रिंट घेऊन दारात उन्हात जायचे आणि आम्ही ती टेबलावरच्या ट्यूबखाली बघायचो, त्यावरून रोज वाद. तो वाद पंधरा-सोळा वर्षांनी घरात आला. पिवळा बल्ब सत्तावीसशे ते तीन हजार केल्व्हिनचा, आपल्याकडची पांढरीफेक ट्यूब साडेसहा हजारांची, आणि छापलेला रंग तपासायचा जागतिक संकेत पाच हजारांचा, म्हणजे या दोन्हींच्या मधला. तेवढा खटाटोप घरी नको. फोटो जिथे लागणार तिथल्या उजेडात बघायचा, एवढं पुरे. आणि लगेच बघायचा नाही. आपल्या घरगुती टँकमधली बहुतेक शाई डायची असते, ती वाळताना रंग किंचित सरकतो. रात्री नापसंत केलेली प्रिंट सकाळी बरी दिसल्याचं मी कितीदा तरी पाहिलं आहे.

लुगड्याचा तो हिरवा मात्र पूर्ण साधला नाही, साधणारही नव्हता. पडद्यावर जळणारे काही हिरवे आणि निळे शाईत उतरतच नाहीत. मोरपंखी, चिंतामणी हे रंग घरच्या प्रिंटरला फेस आणतात. चिंतामणी म्हणजे नक्की कोणता निळा यावर चार बायकांची पाच मतं असतात, पण छापल्यावर तो त्यांतला एकही नसतो. अशा वेळी सॉफ्टवेअर दोन वाटा देतं : सगळेच रंग थोडे आवळून बसवायचे, किंवा बसणारे तसेच ठेवून न बसणारे तेवढे कापायचे. चेहरा महत्त्वाचा असेल तर मी दुसरी वाट घेतो. लुगड्याने थोडं सोसावं.

चेहऱ्याचा विषय निघाला तर एक कबुलीही देऊन टाकतो. लॅबमध्ये लग्नाचे रोल आले की नवरीच्या घरचे सांगायचे, “जरा उजळ काढा.” आम्ही डेन्सिटीचं बटण दाबायचो, नवरी उजळायची, मागचं तोरण पांढरं व्हायचं, सगळे खूश. जगभर तेच चाललं होतं. लॅबच्या जुळणीसाठी कोडॅकचं जे संदर्भ-कार्ड असायचं त्यात वर्षानुवर्षे गोरी बाई होती, धंद्यात तिला ‘शर्ली’ म्हणत. तिची कातडी बरोबर आली की मशीन बरोबर. आता बटण दाबणारा माणूस गेला आणि त्याच्या जागी फोनमधलं आणि लॅबमधलं आपोआप चालणारं ‘करेक्शन’ आलं. सवय तीच राहिली. माझी आई सावळी होती. ती उजळ छापणं हीसुद्धा रंगांची चूकच, मग ती कुणाला कितीही गोड दिसो. लॅबमध्ये फोटो देत असाल तर “करेक्शन नको, फाईल आहे तशी काढा” एवढं तोंडाने सांगा. ऐकतात.

आणि बहुतेक वेळा लॅबमध्येच द्या, हेही प्रामाणिकपणे सांगतो. पोस्टकार्ड आकाराचे शंभर फोटो घरी छापणं म्हणजे आतबट्ट्याचा व्यवहार. घरी छापावा तो एखादाच, ज्याच्यापाशी रात्र घालवायची तयारी आहे असा. तोही छापताना फोटोचं सॉफ्टवेअर नीट येत नसेल, तर सगळा कारभार प्रिंटरच्या ड्रायव्हरकडे द्या, कागदाचा प्रकार बरोबर निवडा आणि ‘एनहान्स’ नावाचं जे जे दिसेल ते बंद करा. सॉफ्टवेअर येत असेल तर त्याच्याकडे द्या आणि ड्रायव्हरचं तोंड बंद करा. दोन्ही रस्ते बरोबर आहेत. दोन्हींवरून एकदम चालू नका.

आता विकणाऱ्यांबद्दल. पेठेतल्या दुकानात फोटो-कागदाची पाकिटं मागा : एकशे ऐंशी जीएसएम, दोनशे सत्तर जीएसएम, हाय ग्लॉसी, वॉटरप्रूफ, वर फुलपाखरू नाहीतर पोपट. उलटून बघा. या कागदाला ड्रायव्हरमध्ये कोणता प्रकार निवडायचा? पाकिटावर नाही. याचा प्रोफाइल कुठून उतरवून घ्यायचा? नाही. तीच गत दुसऱ्या कंपनीच्या स्वस्त शाईची. बाटलीवर ‘अमुक प्रिंटरला चालते’ लिहिलेलं असतं. चालते म्हणजे नळीतून वाहते, एवढाच त्याचा अर्थ. प्रोफाइल असतो तो प्रिंटर, शाई आणि कागद या तिघांचा मिळून. शाई बदलली की प्रिंटर कंपनीचा प्रोफाइल त्या कागदापुरता रद्दी झाला, हे सांगणारं कुणी नाही. बिस्किटाच्या पुड्यावर सोडियम किती ते छापावं लागतं. फोटो-कागदाच्या पाकिटावर दोन ओळी छापायला आणि प्रोफाइलचा एक क्यूआर कोड टाकायला असा काय खर्च येतो? प्रिंटरच्या खोक्यातल्या माहितीपत्रकात सुरक्षेच्या सूचना असतात, प्रिंटर पाण्यात टाकू नका असंही असतं. रंगांचा कारभार एकाकडेच द्या, हे एक वाक्य तिथे मराठीत का नसावं?

आईची चौथी प्रिंट रात्री एकला निघाली. वीसच्या पाकिटातले सात कागद गेले, चाचणीचे धरून. सकाळी ताईने ती सोप्यात, दाराच्या उजेडात धरून बघितली आणि काही न बोलता चौकटीत घालायला दिली. हार घालायच्या आधी तिने एकदा फोटोतल्या हरिपूरच्या घाटाच्या पायऱ्या मोजल्या, हे मी पाहिलं.

तेव्हापासून कागद घ्यायला गेलो की मी काउंटरवर एवढंच विचारतो : “याचा प्रोफाइल कुठे मिळेल?” तुम्हीही विचारा. दुकानदार वेड्याकडे बघावं तसं बघेल, तरी विचारा. मला अजून एकाही दुकानात उत्तर मिळालेलं नाही.